लालबागच्या चाळीतलं विमानाचं इंजिन

कराडहून निघताना शेजारणीने विचारलं, "मुंबईला काय, खरेदी?" मी म्हटलं, "हो, इंजिन." तिला थट्टा वाटली. पण आमच्या ह्यांनी, म्हणजे हायस्कुलात शास्त्र शिकवणाऱ्या माझ्या नवऱ्याने, गुऱ्हाळाच्या रिकाम्या छपराखाली एका माणसापुरतं विमान खरंच उभं केलं होतं. लाकडाचा सांगाडा, वर कापड. इंजिनाची तेवढी जागा मोकळी होती. त्यात बसून हे उडणार, म्हणून निवडीच्या वेळी मी सोबत हवीच, असा हट्ट मीच धरला.

ह्यांना फोर-स्ट्रोकच हवं होतं. "टू-स्ट्रोक हलकं, पण तापलं की मध्येच बसतं," हे गाडीत समजावत होते. "फोर-स्ट्रोक जड, पण भरवशाचं."

"म्हणजे माझ्यासारखं," मी म्हटलं. हे हसले नाहीत.

गिरगावात नणंदेकडे उतरलो. तिथल्या एका गॅरेजात पहिलं इंजिन पाहिलं. मोटारीचं, पाण्याने थंड होणारं, अवजड धूड. आमचं विमान त्याच्यासकट जमिनीवरच राहिलं असतं. दुसरं लालबागला होतं. लढाईनंतर लिलावात निघालेलं, खास लहान विमानाचं फोर-स्ट्रोक, वाऱ्याने थंड होणारं.

दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद, म्हणून पायीच निघालो. भिंतीभिंतींवर घोषणा रंगवलेल्या, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. लालबाग जवळ आलं तेव्हा तर मला नकोसंच वाटू लागलं. गिरण्यांच्या चिमण्यांना धूर नव्हता. भरदुपारी आमच्याच चपलांचा आवाज भिंतींवरून परत येत होता.

इंजिन पार्वतीबाईंचं होतं. मालवणकडच्या, गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यातल्या, विधवा. नवऱ्याने ते गावच्या होडीला बसवायला घेतलं होतं. त्यांनी आम्हाला घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) खायला घातले. बाई बोलल्या फार थोडं.

चाळीच्या अंगणात इंजिन लाकडी चौकटीवर आवळलेलं होतं, पुढे त्याचा पंखा. ह्यांनी ते सुरू केलं. एकसारखा, गोड आवाज. ह्यांचा चेहरा असा फुलला की ह्यांच्या उडण्याला असलेला माझा विरोध मी गिळला.

तेवढ्यात वर लक्ष गेलं. गॅलऱ्यांत बायका येऊन उभ्या होत्या. साऱ्या ह्यांच्याकडे पाहत होत्या आणि साऱ्यांचे ओठ एकदम, सारखेच हलत होते. आवाज मात्र कोणाचाच नाही. पार्वतीबाईंचेही ओठ तसेच हलत होते. माझ्या अंगावर काटा आला. ह्या बायका माझ्या नवऱ्यावर काही मंतरतायत, असंच मला वाटलं.

हे पुढच्या सिलिंडरला कान द्यायला वाकले. फिरणारा पंखा दिसत नाही. दिसते फक्त हवा.

"मागे सराऽऽ!"

पार्वतीबाई किंचाळल्या. हे दचकून मागे पडले. टोपी पंख्यात गेली. तिच्या चिंध्या अंगणभर झाल्या.

ह्यांनी उठून इंजिन बंद केलं.

"गिरणीच्या खडखडाटात आवाज काढून काय उपयोग?" पार्वतीबाई मला म्हणाल्या. "थंय ओठांनीच बोलतव आमी. घरवालो ह्याच मशीनवर असोच वाकलो, बाय. मी सांगलंय, मागे सरा. मशीन चालू होती, म्हणान ओठांनीच सांगलंय. तेंची पाठ होती माज्याकडे."

वर गॅलऱ्यांत ओठ अजून हलतच होते.

"त्या कोणाला सांगतायत?" मी विचारलं.

"तेंकाच, माज्या घरवाल्याक. मशीन कोणी चालू केली की सगळ्यो येतत. मागे सरा म्हणतत." त्यांनी टोपीची एक चिंधी उचलली. "आज आवाज कसो फुटलो, माकाच ठावक नाय."

हे पांढरेफटक पडले होते. "नको, गिरगावचंच बघू," म्हणाले.

"हेच घ्या," मी म्हटलं. इंजिनाने दगा दिलाच नव्हता. आणि त्या बायकांपुढे ते तसंच सोडून जाणं मला जमेना.

"घेवन जावा," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

आता ते कराडला आहे. विमान उडेल की नाही, देव जाणे. हे जेव्हा इंजिन सुरू करतात तेव्हा मी छपराच्या दाराशी उभी राहते आणि घसा बसेपर्यंत ओरडते, "मागे सरा!" सारी आळी हसते. हे हातवारे करून सांगतात, काही ऐकू येत नाही. मी तरीही ओरडते.