घेतलें तेथेंच सोडावें

गाडीतून उतरले की ते आधी माणसांकडे बघायचेच नाहीत. खाली वाकायचे आणि समोरच्या कुत्र्याचा कान दोन बोटांत धरून बघायचे. कानाला खाच असली तर नसबंदी झालेली. मग पाठीवर थाप मारून म्हणायचे, "जा रे, तुझें काम झालें." खाच नसली तर हात जाळीकडे.

चेन्नईजवळ तांबरमला आमच्या गल्लीत पालिकेची कुत्र्यांची गाडी यायची, तिच्यावर ते होते. सगळे त्यांना नायवंडी अण्णा म्हणत. तमिळमध्ये नाय म्हणजे कुत्रा आणि वंडी म्हणजे गाडी. मी एकदा फाटकाशी उभा राहून फोनवर आईशी बोलत होतो, तर हे जवळ येऊन थांबले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुमी मऱ्हाटे काय, सार?" त्यांचे पणजोबा तंजावरहून आलेले. मी सांगलीचा. असलं मराठी मी फक्त शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, आणि इथे ते हातात जाळी घेऊन उभं होतं. घरी जाऊन बायकोला त्यांची नक्कलही करून दाखवली. दोघं पोट धरून हसलो.

गल्लीतले लोक त्यांच्या मागे लागायचे, की अण्णा, ही कुत्री लांब कुठेतरी नेऊन टाका. ते मान हलवायचे. मला मराठीत सांगायचे, "घेतलें तेथेंच सोडावें, सार. नव्या जागीं बाकीचे कुत्रे फाडतील त्याला. त्याजवळ काय रेशनकार्ड आहे, पत्ता बदलायला?" ऑपरेशन करून, चार-पाच दिवस ठेवून, जिथून उचलला त्याच खांबापाशी कुत्रा आणून सोडणार. वहीत खांबाचा नंबरसुद्धा लिहिलेला असायचा.

आता माझं सांगतो. सांगायची लाज वाटते, पण सांगतो.

लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं घरात बसून कंटाळलो आणि एक पिल्लू आणलं. विकणाऱ्याने लॅब्राडॉर म्हणून दिलं. वाढत गेलं तसं शेपूट वर वळली, तोंड लांबट झालं, आणि अख्ख्या बिल्डिंगला कळलं की हे गल्लीतलंच वाण आहे. तरी लाडाचं होतं. माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपायचं. पुढे माझा इरुंगाट्टुकोट्टैचा कारखाना पूर्ण सुरू झाला, बायकोला ऑफिसने परत बोलावलं. बारा-बारा तास ते एकटं बाल्कनीत रडायचं. घरमालक म्हणाला, कुत्रा ठेवा नाहीतर घर ठेवा.

त्याला दुसरं घर शोधता आलं असतं. दोन फोन केले, झालं. तेवढाच माझा शोध.

गाडी यायच्या दिवशी मी त्याचा पट्टा काढला आणि त्याला आमच्या गल्लीत नाही, मुद्दाम मागच्या रस्त्यावर, तळ्याच्या कडेला नेलं. का? कारण घेतलें तेथेंच सोडावें. म्हणजे तो परत आला तरी तळ्यापाशी येणार, माझ्या दारात नाही. त्या भल्या माणसाचा नियम मी असा वापरला. त्यांना म्हणालो, "अण्णा, हा इथे फिरतोय. कुणाचाच नाही."

त्यांनी कान बघितला. मग गळ्यावरून बोट फिरवलं. पट्ट्याने केस झिजून तिथे गोल रेघ पडली होती. माझ्याकडे एकदा बघितलं आणि वहीत तळ्याकडच्या खांबाचा नंबर लिहिला. कुत्रा आपणहून गाडीत चढला, मी सांगितलं म्हणून.

पाचव्या दिवशी रविवार होता. खालच्या मजल्यावरच्या मामी फाटकासमोर कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची रांगोळी, काढत होत्या, मी दूध घेऊन येत होतो. बघतो तर कुत्रा धावत येतोय आणि मागून हे, धापा टाकत. कुत्र्याने माझ्या पायांना मिठीच मारली.

"तळ्यापाशीं सोडलों, सार," ते म्हणाले. "हा सरळ इकडेच निघाला. मी मागें मागें आलों. तुमचा काय?"

मामींचा हात थांबला. मी म्हणालो, "नाही."

असं म्हणताना कुत्रा माझ्या हाताला चाटत होता. तुम्ही म्हणाल, कसला माणूस आहे हा. मीही तेच म्हणतो.

ते रागावले नाहीत. वाकून कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "बरें. कोणाचा नाही तर मी नेतों घरीं. पण त्याला नाव असेल. ठाऊक असेल तर सांगा, सार. हाक मारायला लागतें."

"मला काय माहीत?" मी म्हणालो, आणि जिना चढलो.

त्यानंतर गाडी आली की मी घरात थांबायचो. एकदा समोरासमोर सापडलोच. विचारलं, "कसा आहे तो?" त्यांचा चेहरा उजळला. "जेवतो, सार. माझ्या चपलेवर डोकें ठेवून निजतो. पण हाक मारली तर येत नाहीं. मणी म्हटलों, राजा म्हटलों, अस्कीं नावें, ठाऊक तेवढीं सगळीं, बोलून पाहिलों. भिंतीकडे पाहतो." आणि वाट बघत उभे राहिले. नाव माझ्या जिभेवर होतं. समोर मामी तांदळाचं पीठ चाळत होत्या. मी म्हणालो, "लागेल सवय हळूहळू."

मागच्या महिन्यात गाडीवर नवीन माणूस होता. अण्णा रिटायर होऊन मुलीकडे गावी गेले म्हणाला. कुठलं गाव, त्याला ठाऊक नव्हतं. फोन नंबरही नव्हता. मी विचारलं, "आणि कुत्रा?"

"नेला की. टेम्पोत पुढे मांडीवर घेऊन बसले होते. सारखे त्याच्या कानात काहीतरी बोलत होते."

मला माहीत आहे काय बोलत असतील. एकेक नाव लावून बघत असतील.

पट्टा अजून आमच्या चपलांच्या कपाटात आहे. बायको टाकू देत नाही आणि माझ्याने हात लाववत नाही. त्यावर नावाची पितळी पट्टी आहे. बंड्या, अण्णा. त्याचं नाव बंड्या आहे.