कापलेला दोरा

"तुला काय होतंय? तुझं काय जायचंय?"

सुपरवायझरबाई हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दहा-बारा जणी होतो. कुणी गजरा काढून खुंटीला लावत होती, कुणी तोंडाला फडकं बांधत होती. बाईंच्या हातात पुठ्ठ्याचा निळा खोका होता. त्यांनी तो लांबूनच माझ्यापुढे धरला. माझी बोटं जवळ आली तसा सोडून दिला. खोका खाली पडला. मी वाकून उचलला. 

पिंपरीला औषधाचा कारखाना तेव्हा नवाच होता. मी भरणीच्या खोलीत होते. औषधाची पूड काचेच्या बारक्या बाटल्यांत भरायची, बूच लावायचं. आत जाताना घरची साडी काढून कंपनीचा पांढरा झगा घालायचा, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं. फक्त डोळे दिसायचे. मला ते आवडायचं. माझं माहेर कुरुळीचं. तिथे आमची घरं ओढ्यापलीकडे, आमचं पाणीही वेगळं. नवऱ्याने टाकल्यावर मी पिंपरीत मावशीकडे आले. इथेही सगळ्यांना ठाऊक होतं मी कोण ते. पण एकदा फडकं बांधलं की डोळ्यांवरून कुणाला जात ओळखता येत नव्हती. आठ तास तेवढे बरे जायचे.

अडचण पाळीची होती. बऱ्या घरच्या मुली पाळी आली की तीन दिवस घरी बाजूला बसायच्या, कामावर यायच्याच नाहीत. आमच्यासारखीला बाजूला बसायची चैन नव्हती. पण कपडा घेतलेल्या बाईला भरणीच्या खोलीत मज्जाव होता. कपड्याचे तंतू उडतात, झग्याला डाग पडतो, असं बाई म्हणायच्या. म्हणजे आम्हीही बाहेरच. बाटल्या पडून राहायच्या. यंत्र शिकवायला आलेला परदेशी साहेब वैतागायचा. शेवटी त्याच्या मडमेने बंगल्यावर बाईंना बोलावून घेतलं आणि आपल्या ट्रंकेतले दोन-तीन खोके दिले.

आत कापसाचे घट्ट वळलेले बोळे होते. करंगळीएवढे. प्रत्येकाच्या शेपटीला एक पांढरा दोरा.

त्याला नाव होतं. बाईंनी ते कधी घेतलं नाही. त्या नुसतं 'ते' म्हणायच्या. 'ते' आत ठेवायचं आणि कामाला यायचं, एवढंच सांगितलं. बाकीच्या मुली लग्नाच्या होत्या. त्यांना दिलं आणि काही बिघडलं, तर त्यांचे आईबाप पुण्याहून भांडायला आले असते. म्हणून आधी माझ्यावर करून बघायचं ठरलं. माझ्यासाठी भांडायला कोण येणार होतं?

मी विचारलं होतं. हे लिहून ठेवते, कारण नंतर बाई म्हणाल्या की मी विचारलंच नाही. मी म्हणाले, "बाई, हे बाहेर कधी काढायचं?"

बाईंनी तोंड फिरवलं. "असलं मला विचारू नकोस. तुमच्यातल्या बायकांना सगळं येत असतं."

संडासात जाऊन मी तो बोळा ठेवला. कसाबसा. दुखलं. दुखायचंच असेल, असं वाटलं. दोरा खाली लोंबत होता.

आता भरणीच्या खोलीचा एक नियम होता. अंगावर सुटा दोरा दिसता कामा नये. झग्याची शिवण उसवली, बाहीचा धागा सुटला, तर आत पाऊल टाकायच्या आधी तो कापायचा. त्यासाठी दाराशेजारी खिळ्याला कात्री टांगलेली असायची. पहिल्या दिवसापासून बाईंनी हे आमच्या डोक्यात भरवलं होतं. दोरा दिसला की हात आपोआप कात्रीकडे जायचा.

मी कात्री संडासात नेली आणि तो दोरा कापला. अगदी मुळाशी, नीट. आणि आत जाऊन कामाला लागले.

संध्याकाळी घरी आल्यावर बोळा सापडेना. बोटांना लागेना. मडमेकडचा परदेशी कापूस आहे, विरघळून जात असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी दुसरा ठेवला. त्याचाही दोरा कापला. बाईंनी लांबूनच विचारलं, "ठीक आहे ना?" मी मान हलवली. बाई साहेबाला सांगायला गेल्या की जमलं.

पाळी संपली. मग वास सुरू झाला.

आधी मलाच येत होता, मग शेजारी बसणाऱ्या मुलीला. तिने स्टूल सरकवलं. मग तिच्या पलीकडच्या मुलीनेही. ओटीपोटात ठणकत होतं आणि अंगात ताप होता, पण मी बाटल्या भरत राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझ्यापासून लांब सरकणारी माणसं मी जन्मापासून बघत होते. त्यात नवीन काही नव्हतं.

मावशी खडी फोडायला जायची. एका संध्याकाळी तिने माझ्या कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "अंगाला वास कसला येतुया? काय झालंय, बोल."

मी सांगितलं.

"आन् तू गप ऱ्हायलीस? लाजून मरायचं हाय का? चल, ऊठ."

कंपनीच्या दवाखान्यात नर्सबाई होत्या. नगरकडच्या, वयाने मोठ्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी मला झोपवलं, चिमट्याने दोन्ही बोळे काढले. खोलीत वास पसरला. त्यांनी नाकाला पदर लावला नाही. खिडकी उघडली, हात धुतले आणि माझ्या दंडात इंजेक्शन दिलं. आम्ही भरायचो तेच औषध होतं. बाटली मी ओळखली.

मग त्या स्टूल ओढून बसल्या. "याला टॅम्पॉन म्हणतात. आता ऐक. हात साबणाने धुवायचे. एक पाय उंचावर ठेवायचा, अंग सैल सोडायचं. बोळा सरळ वर नाही, पाठीच्या दिशेने तिरका सरकवायचा. नीट बसला तर कळतसुद्धा नाही. दुखलं तर काढायचा आणि पुन्हा बघायचं. दोरा बाहेर राहिला पाहिजे, तो ओढूनच काढायचा असतो. एका वेळी एकच. चार-पाच तासांनी बदलायचा. म्हणजे तुमच्या जेवणाच्या सुट्टीत एकदा, सुटताना एकदा. रात्री कपडा घ्यायचा. शेवटचा काढला की नाही, याची खात्री करायची. ताप आला, वास आला, तर आधी काढायचा आणि लगेच इथे यायचं."

मी विचारलं, "लग्न न झालेल्या मुलीला चालतो?"

"चालतो. त्याने मुलगी बिघडत नाही. बाईंना मडमेने माझ्यासमोर हे सगळं सांगितलंय. इंग्रजीत सांगितलं, मी मराठीत. तुला नाही सांगितलं त्यांनी?"

म्हणजे बाईंना ठाऊक होतं. माझ्या अंगात काय घालायचं ते त्या ठरवू शकत होत्या. त्याबद्दल चार शब्द आपल्या तोंडाने बोलायचा मात्र त्यांना विटाळ होत होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला राग आला. रडू नाही आलं. नुसता राग, थंड, पायापासून वर चढत आलेला.

बरी होऊन कामावर गेले, तर बातमी पोचलेली होती. कपडे बदलायच्या खोलीत बाई म्हणाल्या, "दोरा कापला म्हणे हिने! अडाणी ते अडाणी." मुली हसल्या. ज्या मुली आत जाताना रोज त्याच कात्रीने धागे कापायच्या, त्याच हसल्या. मी झगा घातला.

तेवढ्यात बाईंनी दुसरा खोका काढला आणि हौसापुढे धरला. हौसा मोशीची, नुकतीच लागलेली, नवरा वारलेला. अंगाने काडी. बाई म्हणाल्या, "तू घे. तुझं काय जायचंय."

हौसाने हात पुढे केला होता. मी मधे गेले आणि खोका घेतला. या वेळी बाईंची बोटं माझ्या बोटांना लागली. लागू दिली मी.

"हौसा, याला टॅम्पॉन म्हणतात," मी म्हणाले. आणि नर्सबाईंनी सांगितलेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं. हात धुण्यापासून. कुठे, कसा, किती वेळ. योनी म्हणाले. रक्त म्हणाले. मुली हसायच्या थांबल्या. काढलेले गजरे हातात घेऊन उभ्या राहिल्या. खिळ्यावरची कात्री मी काढून दाखवली. "झग्याचा दोरा कापायचा, हा नाही. हा राहू द्यायचा."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. "लाज नाही का? नोकरी घालवशील."

"सांगून झालं की बसते गप्प." मग हौसाला म्हणाले, "तुला नको असेल तर घेऊ नको. कपडा घे आणि बाहेरचं काम माग."

हौसा बाईंकडे न बघता म्हणाली, "मला न्हाई पायजे."

मी खोका बाकावर ठेवला. त्या दिवसापुरतं तेवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी मला भरणीतून काढून बाटल्या धुवायच्या हौदावर पाठवलं. तिथे झगा नाही, तोंडाला फडकं नाही. मी कोण ते सगळ्यांना दिसतं. हात दिवसभर पाण्यात. मी गेले. हौसाही आठवड्याभरात तिथेच आली. पाळीचे कपडे मी आता मावशीच्या अंगणात दोरीवर वाळत घालते, साडीखाली लपवून नाही, वर, उन्हात. मावशी आधी कुरकुरली. आता तिचेही तिथेच असतात.

भरणीच्या खोलीत नवी मुलगी लागली की सुट्टीत हळूच हौदावर येते. बऱ्या घरच्यासुद्धा येतात. इकडेतिकडे बघतात, माझ्या जवळ सरकतात, 'ते' कसं ठेवायचं ते कानात विचारतात. मी कानात सांगत नाही. पाण्याचा नळ बंद करते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. कुणी म्हणालं, अगं हळू बोल, तर हात धुण्यापासून पुन्हा सुरू करते.