गाडी थंडच ठेवा

आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षं बस डेपोत इंजिनं दुरुस्त केली, आणि त्याच माणसाला एके दिवशी बसवरचा नंबर वाचता आला नाही. काचबिंदूने एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्याला सगळं धुरकट दिसायचं. स्वारगेटहून कोथरूडला यायचं, तर हे चढले भलत्याच बसमध्ये. कंडक्टर सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, पाटी वाचून चढत जा." घरी आले, छत्री खुंटीला अडकवली आणि त्यानंतर नऊ महिने दवाखाना सोडला तर उंबरा ओलांडला नाही. मी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. अबोला माझ्याच्याने दीड दिवसावर टिकला नाही.

गाडीचं डोक्यात आलं ते यासाठी. रिक्षात बसायला हे तयार नव्हते, बसचं तर नावच नको. मग मीच अठ्ठावन्नाव्या वर्षी ड्रायव्हिंग क्लास लावला. शिकवणारा मला "काकू, ब्रेक, ब्रेक" म्हणून म्हणून थकला, पण लायसन्स मिळालं. नवी गाडी झेपणारी नव्हती. खराडीला नोकरी करणाऱ्या लेकीने मोबाइलवर एक जुनी शोधली. बिबवेवाडीतल्या फरसाणवाल्याची, तेरा वर्षं वापरलेली, एक लाख चौसष्ट हजार किलोमीटर पळालेली. स्वस्त होती. इतकी स्वस्त, की शंका यावी.

"घ्यायची का हो?" मी ह्यांना विचारलं.

"इथे बसून काय सांगू?"

"मग चला ना माझ्याबरोबर."

मी आपली मटार सोलत राहिले. मग म्हणाले, "त्याला फोन कर. म्हणावं, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. थंडच ठेवा. गरम इंजिन खोड लपवतं."

मी फोन करायला म्हणून बाल्कनीत गेले आणि आधी डोळे पुसले.

लेकीला कळवलं तर ती म्हणाली, "आई, बाबा येतायत हे मस्तच. पण सगळं त्यांच्यावर सोडू नकोस गं. मी तपासणीवाल्याला पाठवते." मला राग आला. पण तिचं अगदीच खोटं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. आम्ही जायच्या आदल्या दिवशी तो माणूस यंत्र लावून गाडी तपासून गेला. त्याच्या रिपोर्टची मी झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली आणि ह्यांना काही बोलले नाही. फरसाणवाल्यालाही बाल्कनीतूनच फोन करून बजावलं होतं, रिपोर्टबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आम्हाला आपल्या गाडीतून तिथे सोडून ऑफिसला गेली. ह्यांच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत डेपोतला तो लांब स्क्रू ड्रायव्हर. गाडीजवळ गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला.

"थंड आहे," म्हणाले. "माणूस सरळ दिसतो."

फरसाणवाला हसला. हे नाही हसले. कामाच्या वेळी ते कधीच हसत नसत, हे मी विसरूनच गेले होते. ऑइलची पट्टी ओढून त्यांनी ऑइल अंगठा आणि बोटात चोळलं, हुंगलं. मग इंजिन चालू करायला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. एका जागी, मग दुसऱ्या जागी. मी पर्स छातीशी धरून उभी. गाडीचं काय व्हायचं ते होवो, पण चुकू नका हो, एवढंच मनात चाललं होतं. आज चुकले असते तर पुन्हा कशालाच बाहेर पडले नसते.

"एक चक्कर मारून बघा," फरसाणवाल्याने ह्यांच्यापुढे किल्ली धरली.

हे सवयीने उजव्या दाराकडे गेलेच होते. हँडलवर हात ठेवून क्षणभर थांबले. मग हात काढला आणि बॉनेट चाचपत, वळसा घालून डावीकडे आले.

"हिला द्या किल्ली."

मी किल्ली घेऊन स्टिअरिंगमागे बसले. गाडी पहिल्याच झटक्यात बंद पडली. एरवी ह्यांनी चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसते म्हणाले, "क्लच हळू सोड. घाई नाही आपल्याला." गाडीत शेवेचा वास भरून राहिला होता. दोन गतिरोधक गेले, एक वळण गेलं.

"क्लच संपत आलाय," हे म्हणाले. "पुढच्या चाकांचे रबरी बुश गेलेत. डावीकडचा जास्त."

दोन्ही रिपोर्टमध्ये होतं. माझा जीव भांड्यात पडला.

"आणि डायनामोचं बेअरिंग वाजतंय. काढेल सहा महिने."

हे मात्र रिपोर्टमध्ये नव्हतं. मी गाडी बाजूला घेतली, कारण मला समोरचं नीट दिसेना.

"बेअरिंग आहे का त्या कागदात?" ह्यांनी विचारलं.

माझा हात पर्सकडे गेला.

"बाल्कनीतलं सगळं आत ऐकू येतं गं."

"माहीत होतं, तर मग आलात कशाला?"

"तुम्हा मायलेकींनाच शंका होती असं थोडंच आहे?" म्हणाले. "मलाही बघायचं होतं, अजून जमतंय का ते."

मी माफी मागितली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी मागितलेल्या माफ्या एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही मनापासून होती. ह्यांनी माझा हात शोधून थोपटला.

"घे गाडी," म्हणाले. "इंजिन उत्तम आहे. बाकीचं मी करून घेतो."

तेवढ्यात शेजारून एक बस गेली. ह्यांनी मान वळवली आणि आवाज लांब जाईपर्यंत ऐकत राहिले.

"हिचा गिअरबॉक्स ओरडतोय. डेपोला कळवायला हवं." मग म्हणाले, "कितवा नंबर होता गं? वाच ना."

नऊ महिन्यांत त्यांनी कुणाला काही वाचायला सांगितलं नव्हतं. बस पुढच्या सिग्नलला उभी होती. मी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि नंबर मोठ्याने वाचून दाखवला.