कुलूपबंद घरांचं शून्य

सुनंदाताईंनी पिंपाचं झाकण उचललं आणि उन्हात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. ताई डेंग्यूसाठी घरोघरचं पाणी तपासतात. त्यांच्या नोंदींवरून साथ कुठे पसरेल याचं गणित मी मांडतो.

"घराला कुलूप असलं तर काय लिहिता?" उत्तर माहीत असूनही मी विचारलं.

"शून्य. रिकामी चौकट तुमच्या संगणकाला चालत नाही ना, सर!"

हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. दुरुस्त करायचं तर सगळं गणित नव्यानं मांडावं लागलं असतं, म्हणून मी गप्प बसलो. इथले सगळे दिवसभर कामावर, दारांना कुलपं. माझ्या नकाशावर ही वस्ती कायम सुरक्षित दिसली आणि फवारणी दुसरीकडेच होत राहिली. न पाहिलेलं आणि नसलेलं यांतला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. चीड येते ती याचीच, की मलाही तो कळत होता.

शेजारच्या घराला कुलूप होतं. "यांची मुलगी गेल्या महिन्यात डेंग्यूनं गेली," असं म्हणत ताई सवयीनं शून्य लिहू लागल्या.

"थांबा. ‘पाहिलं नाही’ असं लिहा. गणित मी बदलतो."

ताईंनी अर्धवट शून्य खोडलं. "एवढंच होतं, तर आधी का नाही सांगितलंत?"