पांडवांत बसलेला दगड

माझी मुलगी कलबुर्गीला भूशास्त्र शिकते. आपल्या भागात ज्वालामुखीचा डोंगर नव्हता, जमीन लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा पसरत गेला, हे मला तिनेच सांगितलं. थोरल्या भावाने संतपूरच्या शेतात विहीर खोदली तेव्हा कातळाचे पाच थर निघाले. तिने प्रत्येक थरातला एक दगड निवडून बांधावर ओळीने ठेवला. सर्वांत वरचा जाळीदार होता. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूची ती भोकं. त्यावरून लाव्हा किती वायू घेऊन वर आला, हे तिला काढायचं होतं.

येळवशीला, म्हणजे शेतात पाच दगड मांडून पांडव पूजायच्या वेळ अमावास्येला, आम्ही तिथे गेलो, तेव्हा परतताना दगड न्यायचे होते. बांध मोकळा होता. विहीर आतून सिमेंटने बांधून झाली होती, खोदलेला दगड रस्त्याच्या भरावात गेला होता. दुसरा तुकडा मिळण्यासारखा नव्हता.

शेवटी तिचे दगड पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत दिसले. चुना लावलेले, कुंकू वाहिलेले, पाच पांडव होऊन बसलेले.

"मोठी आई, हे माझे दगड हायत!"

"तुजे कामून?" वहिनी म्हणाली. "पाच ओळीनं मांडलेले दिसले. म्हटलं, पोरगी शिकली तरी रीत इसरली न्हाई."

"ने की," भाऊ हसला. "त्यांना वनवासाची सवय हाय."

मुलगी हसली नाही. चौघांचा चुना घासून निघाला असता. जाळीदार दगडाच्या भोकांत तो शिरला होता. "फोडला तर आतून कोरा असंल," ती मला हळूच म्हणाली. पूजलेल्या दगडावर हातोडा घालायचं वहिनीला कसं सांगायचं? माझंही मन होईना.

पण वहिनीने ऐकलं होतं. हातातली पालेभाज्या-दाण्यांच्या भज्जीची पळी ठेवून ती भावाला म्हणाली, "अवो, ओढ्यातनं पाच धोंडे आणा बघू."

भावाने आणले. तिने त्यांना चुना लावला, जुन्यांच्या जागी मांडलं, सगळ्यांना पुन्हा नमस्कार करायला लावला. मग जाळीदार दगड उचलून मुलीच्या हातात दिला.

"आता ह्यो नुसता दगड हाय. पण तिकडं लांब जाऊन फोड. मला बघवायचं न्हाई."

मुलगी बांधापलीकडे गेली. घाव ऐकू आले तशी वहिनी पाठ करून आंबील ढवळत राहिली.

"मोठी आई, आत चुना न्हाई!"

"व्हय?" वहिनी वळली. "मग ये जेवायला. तुजा काका सगळी भज्जी संपवायलाय."