कोनेमाराचे किनारे आणि माझं एकोणपन्नास वर्षांचं भांडण

डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिन नावाचं उपनगर आहे. तिथे मुलाच्या घरी येऊन मला तीन आठवडे झाले होते आणि एवढ्या अवधीत मी आयर्लंडमधली तीन सुपरमार्केटं पाहिली होती. चौथं दाखवायचा बेत निखिलने जाहीर केला तेव्हा मी जेवता जेवता सांगून टाकलं की मला समुद्र बघायचा आहे, आणि तोही पार पश्चिमेचा, क्लिफडेनजवळचा. निखिल म्हणाला, तिकडे नुसता वारा असतो. मी म्हटलं, वारा खायला जायचं नाहीये, मला एका बाईचं म्हणणं तपासून बघायचंय.

ती बाई म्हणजे सिस्टर एंडा. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये आठवीत असताना त्या आम्हाला भूगोल शिकवायच्या. वय असेल पंचविशीचं, नाक कायम लाल, आणि गाव क्लिफडेनच्या जवळपास. एकदा त्या सांगू लागल्या की आमच्या घराजवळ एक किनारा आहे, तिथे वाळूच नाही, सगळं पांढरं कोरल आहे. मी उठून उभी राहिले. पुस्तकातलं पान उघडून म्हटलं, सिस्टर, प्रवाळ फक्त उष्ण समुद्रात वाढतं, इथे छापलंय, तेव्हा आयर्लंडमध्ये ते असणं शक्य नाही. वर्ग हसला. सिस्टरांनी मला माफी मागायला सांगितली. मी मागितली नाही. पुस्तकात छापलेलं खोटं कसं असेल? आठवडाभर भूगोलाच्या तासाला मी वर्गाबाहेर उभी होते. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली दक्षिणेत कुठेतरी झाली आणि भांडण तसंच राहिलं.

ते तसंच राहिलं असतं तरी चाललं असतं. पण पुढे मी त्याच शाळेत भूगोल शिकवायला लागले, आणि एकतीस वर्षं, प्रवाळाचा धडा आला की दरवर्षी, हा किस्सा सांगून मुलींना हसवत आले. शाळेत कुणी थाप मारली की मुली म्हणायच्या, "हे एंडाचं कोरल दिसतंय." एका माणसाच्या नावाची मी म्हण करून ठेवली. आता त्याच देशात तीन आठवडे बसून मुलाच्या घरची फरशी पुसत होते. ती थाप होती की नव्हती, एवढं बघूनच परत जायचं ठरवलं.

ऑगस्ट २००६, शनिवार. निघालो चौघं: मी, निखिल, सून मृण्मयी आणि नात ईरा. ईरा सात वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र अस्सल डब्लिनच्या इंग्रजीत येतं. डब्लिन ते गॉलवे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. सुरुवातीला एक छान टोलचा रस्ता आहे, तो संपला की गावागावांतून ट्रॅक्टरमागे रांगायचं. चार तास धरून चाला. मृण्मयीने गुगलवरून नकाशे छापून घेतले होते आणि मी मेथीचे पराठे केले होते. दोन्हींतलं काय उपयोगी पडलं ते पुढे येईलच.

पहिला किनारा गॉलवेचा, सॉल्टहिल. सगळे गोटे. बसायला गेलात तर कमरेचं सांगता येत नाही. पण समुद्राकडेने फिरायचा रस्ता सुरेख आहे, आणि तो जिथे संपतो तिथे एक भिंत आहे. फिरायला आलेला प्रत्येक जण त्या भिंतीला पायाने एक लाथ मारतो आणि मगच मागे वळतो. नीट कपडे केलेल्या, माझ्या वयाच्या एका बाईंना मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, कारण काही नाही, मारायची असते. आमच्याकडे निदान अशा गोष्टीला कुठला तरी देव तरी चिकटवतात. मी पण मारली. माझ्या कॅनव्हासच्या बुटांतून ती जरा लागली.

इथे एक सांगून ठेवते. या देशात सगळं 'ग्रँड' असतं. हवा ग्रँड, चहा ग्रँड, माझा अंगठा सुजला होता तोही औषधाच्या दुकानातल्या मुलीने बघितला आणि ग्रँड ठरवला.

रविवारी किनाऱ्याकिनाऱ्याने राउंडस्टोनकडे निघालो. या भागात लोक आयरिश भाषा बोलतात आणि रस्त्यावरच्या पाट्यांवरही फक्त आयरिशच असतं. आमच्या नकाशांवर गावांची नावं इंग्रजीत. एका वळणावर दोनदा येऊन झाल्यावर निखिल आणि मृण्मयी एकमेकांशी फार सभ्यपणे बोलायला लागले, तेव्हा मी पराठे काढले. एका दुकानात विचारलं, तर दुकानदाराने आधी आम्ही कुठून आलो, किती दिवस आहोत, निखिल इंजिनिअर की डॉक्टर हे सगळं काढून घेतलं आणि मग रस्ता सांगितला. अगदी आपल्या पेठेत आल्यासारखं वाटलं.

राउंडस्टोनच्या पुढे जमिनीची एक चिंचोळी जीभ समुद्रात शिरते आणि तिच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून दोन किनारे आहेत, डॉग्ज बे आणि गुर्टीन. एकावर वारा असला की उठून पलीकडच्यावर जायचं. वाळू इतकी पांढरी आणि पाणी इतकं हिरवं की फोटो बघून माझ्या बहिणीला वाटलं आम्ही मॉरिशसला गेलो. पाण्यात बोट घातल्यावर गैरसमज राहत नाही. तरी बायका-मुलं त्यात खुशाल डुंबत होती. मी स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर निखिलचं जाकीट अशी बसले होते.

मी पर्समधून भिंग काढून ती वाळू बघितली. प्रवाळ नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढे शिंपले होते, लाखो. निखिलने विचारलं, "मग आई, सिस्टर हरल्या?" मी म्हटलं, त्यांनी वाळू नाही असं सांगितलं होतं, इथे तर वाळू आहे, तेव्हा हा तो किनारा नव्हे. वैऱ्याच्या बाबतीतही पुरावा सरळ लागतो.

मुक्काम एका बाईंच्या घरी केला. माणशी पस्तीस युरो, सकाळच्या नाश्त्यासकट. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्या खरोखर हळहळल्या आणि तिघांना पुरतील एवढी अंडी माझ्या एकटीच्या ताटात वाढली. कोरलबद्दल विचारलं तर म्हणाल्या, आहे ना, बॅलीकॉनीलीच्या पुढे, मॅनिन बेवर. रोजच्या भाजीवाल्याचा पत्ता सांगावा तितक्या सहज. मला अंडी खाववेनात.

सोमवारी सकाळी दहाला पोहोचलो. गाडी लावायला जरा जागा, खाली गवताची उतरण, आणि तिच्या पायथ्याशी तो किनारा. दुरून पांढरा, जवळून किंचित पिवळसर. पाय ठेवला की चिनीमातीचे तुकडे वाजावेत तसा आवाज. ओंजळीत घेतलं तर फांद्याफांद्यांचे, गाठीगाठींचे छोटे तुकडे. वाळू कुठेच नव्हती. सिस्टर एंडांनी सांगितलं होतं अगदी तसंच होतं सगळं. चप्पल घालूनच चाला, टोचतं.

मी तिथे खालीच बसले. निखिल विनोद करणार होता, पण माझा चेहरा बघून थांबला.

तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ आले, रबरी बूट आणि एक ओला कुत्रा. मी लगेच विचारलं, हे कोरलच ना? ते म्हणाले, छे हो, हे समुद्रातलं शेवाळ आहे. अंगात चुना धरतं, दगडासारखं होतं, मेलं की पांढरं पडतं आणि लाटा इथे आणून टाकतात. त्यांचे आजोबा गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकायचे. मग कोरल का म्हणता, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. ते म्हणाले, "अहो, आम्ही कायमच म्हणतो." आणि हवा ग्रँड असल्याचं सांगून गेले.

म्हणजे पुस्तक बरोबर होतं. मी बरोबर होते. एकोणपन्नास वर्षांनी, मूळ ठिकाणी, स्थानिक साक्षीदारासह सिद्ध झालं होतं. निखिल म्हणाला, सामना बरोबरीत सुटला. ईरा माझ्या रुमालात तुकडे गोळा करत होती. तिने सगळी गोष्ट पुन्हा एकदा विचारून घेतली आणि मग तिच्या त्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, डिड यू एव्हर से सॉरी?"

मी म्हटलं, कशाबद्दल? माझं बरोबरच होतं.

"बट शी वॉज ओन्ली टेलिंग यू अबाउट हर हाउस."

हिला आयर्लंडच्या शाळेत काय शिकवतात कोण जाणे. मी रुमालाला गाठ मारली आणि गाडीत जाऊन बसले. परतीच्या रस्त्यात क्लिफडेनला सूप आणि काळा पाव खाल्ला. चांगला होता म्हणतात.

सप्टेंबरमध्ये पुण्याला परतले. दुसऱ्याच दिवशी नलिनी आली. आठवीत ती माझ्याच बाकावर होती आणि वर्गाचे नकाशे आणायचं-न्यायचं काम तिच्याकडे असायचं. मी रुमाल सोडून तिच्यासमोर तुकडे ओतले, शेवाळाचं शास्त्र समजावलं, आणि माझं कसं बरोबर होतं ते सांगितलं. ती तुकडे बोटांनी चाळत होती.

"त्या दिवशी तास संपल्यावर मी नकाशा ठेवायला गेले ना," ती म्हणाली, "तेव्हा सिस्टर त्या खोलीत होत्या. युरोपचा नकाशा उघडून बसल्या होत्या. आयर्लंडवर बोट ठेवलं होतं, तर बोटाखाली अख्खा देश झाकला गेला होता. रडत होत्या गं."

मी तिच्यावर भडकलेच. एवढी वर्षं तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस?

"तू दरवर्षी तो किस्सा सांगायचीस, सगळे हसायचे," नलिनी म्हणाली. "कुठे थांबवू तुला? आणि तू थांबली असतीस?"

नसते थांबले, हे मी कबूल केलं. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवते.

शाळेच्या ऑफिसात जाऊन जुन्या नोंदींतून दक्षिणेतल्या त्या कॉन्व्हेंटचा पत्ता मिळवला. सिस्टर एंडा आहेत की नाहीत, शाळेत कुणालाही माहीत नाही. असल्या तर पंचाहत्तरीच्या असतील. वाचकांपैकी कुणी कोनेमाराला जाणार असेल तर मॅनिन बे चुकवू नका, आणि गाडीत पराठे ठेवा.

मी पत्र लिहायला बसले. तुमचा किनारा पाहिला, तुम्ही सांगितलात तसाच आहे, मी माफी मागते, एवढंच लिहायचं होतं. पण पहिल्या प्रतीत शेवटी 'तथापि शास्त्रीयदृष्ट्या' असं एक वाक्य आलं. दुसऱ्या प्रतीत ते कंसात आलं. तिसऱ्या प्रतीत ताजा कलम म्हणून आलं. काल टपालात टाकली ती चौथी प्रत.