मागल्या दाराचं दळण

हदगाव-नांदेड एसटीत दोन प्रवासी रशियावरच्या निर्बंधांवरून हमरीतुमरीवर आले होते. "बंदी घालणारेच मागल्या दारानं तेल घेतात," असं एक जण म्हणाला, तशी माझ्या शेजारची म्हातारी खुदकन हसली. तिच्या भुवयांत पीठ होतं.

"लेकीनं जातीबाहेर लगीन केलं म्हणून गावानं मला वाळीत टाकलं. गिरणीवाला दळण घेईना. मंग म्या घरातच गिरणी टाकली."

"गाव आलं?" मी विचारलं.

"ज्या पुढाऱ्यानं मला वाळीत टाकाया लावलं, त्याचीच बायकू आली पयली. मागल्या दारानं! म्या म्हणलं, दळून देते, पण पुढल्या दारानं ये."

तिनं ऐटीत पदर सावरला.

"आता पुढं लई रांग असती. अन् दळून कोण देतंय? माझा जावाई!"